पायडल आणि खालचा डबा

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पायडल दाबणारं आणि दुसरं खाली चाकाशी पडून पान्ह्यानं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक नट, उघडणारं. आमच्या घरात खाली आबा असत आणि वर मी. पाय पायडलपर्यंत पोचायला लागले तेव्हापासून हे काम माझ्याकडे होतं, कारण थोरला भाऊ आजोळी शिकायला होता आणि धाकटी अजून मातीत खेळत होती. आबा खालून ओरडत, "दाब." मी तीनदा दाबायचं. मग "धर." पाय रोवून मी सांगायचं, "धरला." माझं "धरला" ऐकल्याशिवाय ते निपल उघडत नसत. निपलला लावलेल्या रबरी नळीतून बाटलीत बुडबुडे येत, ते निपल आवळत आणि म्हणत, "सोड." "सोड" येईपर्यंत पाय उचलायचा नाही, मग डास चावो की आई जेवायला हाक मारो. मध्येच उचलला तर चाकातून हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळं काम पहिल्यापासून. एकदा मी उचलला होता. त्या दिवशी आबा जे बोलले त्यानंतर पुन्हा कधी उचलला नाही.

हे सगळं गुरुवारी चाले. पिंपरीतल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे आमचा रविवार गुरुवारीच असायचा. शाळेला मात्र रविवारीच सुट्टी, म्हणून गुरुवारी शाळेतून आले की दप्तर टाकून थेट गाडीत. आबा एका मोठ्या कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबून भाग काढायच्या खात्यात होते. लातूरकडचं गाव सोडून ते आले तेव्हा एका हातात पत्र्याची ट्रंक आणि दुसऱ्या हातात आई होती, असं आईच सांगायची. खराळवाडीच्या मागच्या बाजूला आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. कंपनी चालू असली की प्रेसचा धक्का जमिनीतून आमच्या मांडणीपर्यंत यायचा आणि पितळी पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. गुरुवारी ते गप्प असत. त्या शांततेत आईच्या पंपाच्या स्टोव्हची फरफर, तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास आणि सुकटीचं कालवण, एवढं आठवलं की मला आजही गुरुवार वाटतो, वार कुठलाही असो.

दारापुढच्या मोकळ्या जागेत आबा ओळखीच्यांच्या गाड्या बघत. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण पायडलबद्दल ते मास्तरांसारखे समजावून सांगत. पहिल्या दाबाला पायडल खोल गेलं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला वर आलं, तर चाकातले लायनर झिजलेत. पायाखाली उशीसारखं मऊ लागलं, तर हवा आहे. आणि आधी टणक लागून मग पाय तसाच ठेवला असताना हळूहळू खाली जायला लागलं, तर तेल कुठून तरी निसटतंय. मग चारही चाकांच्या आतून हात फिरवायचा, पाइप चाचपायचे, ओल सापडतेच. ओल नाही सापडली तर, असं मी विचारलं होतं. तर पायडलच्या पुढचा मास्टर सिलिंडर, ते म्हणाले. त्याच्या आतला रबरी कप बाद झाला की तेल बाहेर न येता आतल्या आत मागे सरकतं. पण ते क्वचित. मी आज पन्नाशी ओलांडली आहे, आणि कुणाच्याही नव्या गाडीत बसले तरी आधी पायडलवर हलका पाय ठेवून तीसपर्यंत मोजते. माझा मुलगा म्हणतो, शोरूममधून आत्ताच काढली आहे. मी मोजतेच.

एका वर्षी ब्रेकचं तेल मिळायची मारामार होती. चिंचवडला स्टेशनजवळ एका म्हाताऱ्या शेठजींचं सुट्या भागांचं दुकान होतं, आबांना पहिले पान्हे त्यांनीच विश्वासावर दिले होते आणि मी गेले की मला पेन्सिल द्यायचे. त्यांच्याकडे सिलिंडरच्या रबरांचं किट होतं, पण तेलाची बाटली नव्हती. पुढच्या आठवड्यात या, असं ते सलग तीन आठवडे म्हणाले. इकडे महाळुंग्याच्या सोपानरावांची जीप दारात उभी. सोपानराव कांद्याचे बागायतदार, चाकणच्या बाजारात पोती न्यायला त्यांना जीप हवी होती आणि रोज निरोप यायचा. आबांनी मास्टर सिलिंडरला नवं किट टाकलं होतं, फक्त तेल भरायचं राहिलं होतं.

इथे आमच्या वस्तीबद्दल एक सांगायला हवं. कंपनीतून आलेली वस्तू बाजारातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा चांगली, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आमच्या गल्लीतली सगळी दारं एकाच हिरव्या रंगाची होती, मशीनला लावतात त्या. चुलीशी हात पुसायला कंपनीचा सुताचा बोळा असे. कुणी याला चोरी म्हणत नसे, "आणलं" म्हणत. तर आबांनी प्रेसचं तेल आणलं. मधासारखं पिवळं, स्वच्छ तेल. ते आणायला जागा एकच होती, जेवणाच्या डब्याचा खालचा पुडा. आईला त्यांनी एवढंच सांगितलं, "जे तेल शंभर टनाचा प्रेस खाली आणतं, त्याला चार चाकं काय जड?" ती रोज संध्याकाळी खालचा डबा राखेनं आणि चिंचेनं घासायची, आणि तरी दुसऱ्या दिवशी भाजीला वास यायचा.

सोपानरावांची जीप गेली. पुढच्या गुरुवारी आबा आकुर्डीला गेले. त्यांच्या शॉपचे फोरमन दातार साहेब तिथे राहत. साहेबांनी जुनी गाडी घेतली होती आणि सगळ्या शॉपमधून आबांनाच बोलावलं होतं. आबांना त्याचा इतका आनंद झाला होता की त्यांनी ठेवणीतला शर्ट घातला. साहेबांच्या गाडीत त्यांनी तेच तेल भरलं, आणि तेही फडक्यातून गाळून.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सोपानराव जीप घेऊन पुन्हा दारात. पायडल मऊ लागतंय, उतारावर पोती मागून रेटतात आणि गाडी लवकर थांबत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आबा म्हणाले, हवा राहिली असेल. त्या गुरुवारी शाळा सकाळची होती, मी जेवून लगेच जीपमध्ये बसले. स्टिअरिंगवर इतिहासाचं पुस्तक उघडं ठेवलं, दुसऱ्या दिवशी चाचणी होती. दोन चाकं झाली. तिसऱ्याला आबा म्हणाले, "धर." मी म्हटलं, "धरला." तेवढ्यात सोपानराव बाजेवरून उठून तंबाखू मळत आबांकडे गेले आणि कांद्याचं सांगत बसले, चाळीत कांदा कसा नासतोय, व्यापारी कसा हात लावत नाही. आबा पान्हा हातात घेऊन उभे राहिले. निपल अजून उघडलंच नव्हतं. मला सोडायला सांगायचं ते विसरले.

मी धरून बसले. थोड्या वेळानं पाय अवघडला, म्हणून जोर कमी केला, पण पाय काढला नाही. एक पान वाचून झालं असेल. आणि मला जाणवलं की माझा गुडघा सरळ होतोय. पायडल आपल्या आपण खाली चाललं होतं, सावकाश, बाहेर थेंबही न सांडता. शेवटी ते फळीला टेकलं. मी हाक मारली, "आबा, खाली गेलं."

त्यांनी निपल चाचपलं, कोरडं होतं. पाइप बघितले, चाकं बघितली. सगळं कोरडं. ते म्हणाले, पाय दमला तुझा. मला उठवून स्वतः बसले आणि बुटासकट तीनदा दणकन दाबलं. पायडल टणक लागलं. "बघ, दगड आहे." सोपानराव हसले. "पोरीच्या पायाचं काय घिऊन बसलाय, कांबळे. तिचं ध्यान पुस्तकात हाय."

मला राग आला. बोलली आई. ती दारात बसून स्टोव्हचा पंप साफ करत होती. हात पदराला पुसून ती आली आणि म्हणाली, "मी बसते." माझी आई जन्मात कधी गाडीच्या त्या बाजूला बसली नव्हती. ती लुगडं सावरून चढली आणि म्हणाली, किती दाबायचं? मी सांगितलं, जोरात नाही, हलकंच, आणि काही झालं तरी पाय काढायचा नाही. तिनं टाच टेकवून पाय ठेवला, भाकरी थापताना जेवढा जोर लावते तेवढाच. सोपानराव वाकून तिच्या पायाकडे बघत होते, हे त्या काळात जरा चमत्कारिकच, पण कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

"चाललंय हो खाली," आई म्हणाली.

"व्हय की," सोपानराव म्हणाले. ते आता हसत नव्हते.

आई उतरताना म्हणाली, स्टोव्हचा वायसर गेला की दांडा असाच आत जातो. आत जातो, पण हवा काही भरत नाही, आणि बाहेर सांडतही नाही. आबा म्हणाले, जीपचा वायसर नवा आहे, मी स्वतः टाकलाय. पण म्हणता म्हणता ते पान्हे गोळा करायला लागले होते. मास्टर सिलिंडर उतरवून त्यांनी आतला रबरी कप बोटानं बाहेर काढला. तीन आठवड्यांपूर्वी तो टणक आणि कडेला धारदार होता, मीच त्यांच्या हातात दिला होता. आता तो रात्रभर भिजत घातलेल्या वालासारखा फुगून लिबलिबीत झाला होता आणि नखानं त्याची कड सुटत होती. जोरात दाबलं की असा कपही भिंतीला चिकटून तेल अडवतो, हलक्या पायाला ते कडेनं मागे निसटतं. ब्रेकच्या बाटलीबंद तेलानं रबराचं काही होत नाही. प्रेसच्या तेलानं होतं. हे आबांना माहीत नव्हतं, वस्तीत कुणालाच नव्हतं. आईनं कप हातात घेऊन नाकाशी नेला. "हा माझ्या डब्याचा वास," एवढंच ती म्हणाली.

सोपानरावांना आबांनी तिथेच सांगितलं की चूक माझी आहे, तेल चुकीचं भरलं. सोपानराव थोडा वेळ तंबाखूच मळत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जीप हितंच. कांदा बैलगाडीनं जाईल. माणसं मेली न्हाईत, ह्ये बरं झालं." आणि टोपी घालून एसटी पकडायला गेले.

आबा जीपच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "आबा, दातार साहेब."

त्यांना ते आधीच कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. साहेबांनी रजा घेतली होती. शुक्रवारी पहाटे बायकोला आणि आईला घेऊन खंडाळ्याचा घाट उतरून पेणला जाणार होते, हे बुधवारी सगळ्या शॉपला माहीत झालं होतं. आणि त्याच वर्षी पितळेचा चुरा खिशातून नेताना दोघांना गेटवर धरून कामावरून काढलं होतं, हेही सगळ्या शॉपला माहीत होतं. त्यातला एक आमच्या गल्लीतला होता. त्याची बायको पुढे आईकडे पीठ मागायला यायची. आबा आईला म्हणाले, भेसळीची बाटली निघाली म्हणून सांगतो. आई म्हणाली, "काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण आज सांगा."

पायडलसाठी माणूस लागणार, म्हणून मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. मांडीवर पान्ह्यांची पिशवी. आबांनी वाटेत एकदाच तोंड उघडलं, चिंचवड मागे पडल्यावर. तू काही बोलू नको, म्हणाले. मी बरं म्हटलं. त्यांच्या पाठीवरचा शर्ट ओला झाला होता आणि त्याला घामाइतकाच तेलाचा वास होता. हा वास आमच्या घरात इतका मुरला होता की मला तो आबांचाच वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा आबांचा नाही, कंपनीचा आहे.

साहेबांच्या घरी प्रवासाची तयारी चालली होती. आतून शंकरपाळी तळल्याचा वास येत होता, व्हरांड्यात त्यांची आई आरामखुर्चीत बसून वळकटीला दोरी बांधत होती. साहेब बनियनवर बाहेर आले. आबा पायरीच्या खाली उभे राहून म्हणाले, साहेब, उद्या गाडी काढू नका, ब्रेकच्या तेलाची बाटली भेसळीची निघाली. साहेबांनी विचारलं, कुठल्या दुकानातली? आबा म्हणाले, चिंचवडच्या.

"त्या म्हाताऱ्या शेठची?" साहेबांनी खुंटीवरचा शर्ट ओढला आणि पायात चपला सरकवायला लागले. "चल. आत्ता चल माझ्याबरोबर. माझी आई बसणार होती गाडीत. त्याला दुकानाबाहेर काढून विचारतो."

एक चप्पल पायात गेली होती. आबा जागचे हलले नाहीत. मी पान्ह्यांच्या पिशवीकडे बघत होते आणि मला त्या शेठजींच्या पेन्सिली आठवत होत्या.

"दुकानातलं नव्हतं, साहेब," आबा म्हणाले.

"मग?"

"आपल्या प्रेसचं."

आत कढईत शंकरपाळ्यांचा घाणा सुटला, तेवढाच आवाज. साहेब एका पायात चप्पल घालून पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, डब्यातून? आबा हो म्हणाले. गेटवर कुणी बघितलं? नाही म्हणाले.

"मग मला कशाला सांगतोस?"

आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू प्रश्नच कळला नाही. "घाटात ब्रेक लागणार नाही, साहेब," ते म्हणाले.

साहेब उठून गाडीत जाऊन बसले आणि पायडल जोरात दाबलं, एकदा, दोनदा. टणक आहे की, असं पुटपुटले. मला राहवलं नाही. मी खिडकीशी जाऊन म्हटलं, "असा नाही. हलका धरा. आणि बोलू नका." आबांनी डोळे मिटले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग खरोखरच हलका पाय ठेवला. आम्ही तिघं थांबलो. त्यांचा गुडघा सावकाश सरळ व्हायला लागला. पायडल तळाला टेकलं तरी ते बराच वेळ आपल्या पायाकडेच बघत बसले. मग आत ओरडून सांगितलं, उद्या जायचं नाही, परवा बघू. आणि स्कूटर काढून स्वतः चिंचवडला गेले. शेठजींकडे त्या आठवड्यात तेल आलं होतं. बाटल्या, किट, चाकांचे रबर, नळ्या, सगळं त्यांनी आणलं.

दुपारभर आबांनी एकेक पाइप स्पिरिटनं धुतला. साहेब फक्त लागेल तो पान्हा पुढे करत. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा फक्त हवा काढायची राहिली. मी गाडीत चढणार, तोच साहेबांच्या आईनं मला व्हरांड्यात बोलावलं. पोर दुपारपासून उपाशी आहे, म्हणाली, आणि समोर चहा आणि ताटलीभर शंकरपाळी ठेवली. मी आबांकडे बघितलं, पण ते आधीच मागच्या चाकाखाली पडले होते, मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. साहेबांनी मला हातानं खा म्हणून खूण केली आणि गाडीत जाऊन बसले.

"दाब," आबा खालून म्हणाले.

पायडलचा आवाज आला, तीनदा.

"धर."

आतून काहीच आलं नाही. साहेबांना आमची पद्धत माहीत नव्हती. आबा नेहमीच्या आवाजात ओरडले, "धरला का गं? तोंड आहे ना तुला? का झोपलीस?"

"धरला," दातार साहेब म्हणाले.

आबांचा पान्हा निपलवर तसाच थांबला. साहेबांची आई एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे बघायला लागली.

"उघड की, कांबळे," साहेब म्हणाले. "पाय अवघडलाय माझा."

निपल उघडलं. बाटलीत बुडबुडे आले, ते मला व्हरांड्यातून दिसले. चारही चाकं तशीच झाली. आबा "दाबा" म्हणत होते आणि साहेब दर वेळी न चुकता "धरला" म्हणत होते. शेवटी साहेबांनी हलका पाय ठेवला आणि मनात मोजत बसले, बहुतेक शंभरपर्यंत. पायडल होतं तिथे राहिलं.

निघताना आबा सायकलचं हँडल धरून उभे राहिले. ते कशाची वाट बघत होते ते मला माहीत होतं आणि साहेबांनाही माहीत होतं. साहेब हात पुसत म्हणाले, "उद्या फर्स्ट शिफ्ट ना तुझी? वेळेवर ये." आणि आम्ही फाटकाबाहेर पडल्यावर मागून म्हणाले, "जेवण फडक्यात आणत जा, कांबळे."

आबांनी रिटायर होईपर्यंत भाकरी फडक्यातच नेली. शॉपमध्ये सगळ्यांचे डबे उघडत आणि हे एकटे गाठ सोडत. लोक विचारायचे, आबा सांगायचे, डबा गळतो. साहेबांनी ती गोष्ट कुणाला सांगितली असती तर एवढ्या वर्षांत आमच्या कानावर आली असती. सोपानरावांची जीप पुढच्या गुरुवारी नीट होऊन गेली आणि मग दर वर्षी आमच्याकडे कांद्याचं एक पोतं यायचं.

डबा माझ्याकडे आहे. वरचे पुडे कुठे गेले कोण जाणे, खालचा उरला. आईनं तो इतका घासला होता की पितळ पातळ झालंय. त्यात मी भांडी घासायची पावडर ठेवते. वास कधीच गेला आहे, पण खायचं मी त्यात काही ठेवलेलं नाही.